पाळीव कुत्र्याचे केस गळणे कमी कसे करता येईल?

केसगळती पूर्णपणे थांबवता येत नाही, कारण जुना केस जाऊन नवा येणे हा त्वचेचा स्वाभाविक क्रम आहे. लॅब्रडोर किंवा जर्मन शेफर्डसारख्या दुहेरी आवरणाच्या (वर राठ केस आणि आत मऊ लव असलेल्या) जातींमध्ये तर ऋतू बदलताना ही आतली लव पुंजक्यापुंजक्यांनी सुटते. सर्वाधिक उपयोग नियमित विंचरण्याचा होतो, कारण सुटलेले केस घरभर पसरण्याआधीच ब्रशमध्ये अडकतात. एरवी आठवड्यातून २-३ वेळा आणि ऋतुबदलाच्या काळात रोज, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने विंचरावे. दुहेरी आवरणाच्या जातींचे केस उकाड्यामुळे मुळापासून भादरू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. ते आवरण उन्हापासूनही संरक्षण करते आणि भादरल्यावर कधीकधी पूर्ववत वाढत नाही.

आंघोळीला कुत्र्यांसाठीचाच शाम्पू वापरावा, आहारात पुरेशी प्रथिने आणि ओमेगा-३ असावे. मात्र टक्कल पडणे, सतत खाजवणे किंवा त्वचा लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यांना दाखवावे, कारण त्यामागे पिसवा, बुरशी, अ‍ॅलर्जी किंवा थायरॉईडचा विकार असू शकतो.