दहावीचे मार्क कॅलिफोर्नियात धरतात का?

ऑगस्टमध्ये इथल्या शाळा सुरू झाल्या की नुकत्याच बदलीवर आलेल्या मराठी पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "मुलाची दहावी झाली आहे. ती इथे धरतात, की वर्ष वाया जाणार?"

धरतात. फक्त इथे बोर्डाच्या निकालासारखं काही नसतं. हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, आणि या चार वर्षांत विषयवार क्रेडिट्स साठत जातात. साधारणपणे एका विषयाच्या एका सत्राला ५. डिप्लोमासाठी, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी, किती लागतात ते स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) ठरवतं, बऱ्याच ठिकाणी २२० च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे जिला कुणी विचारत नाही ती नववी इथे पूर्ण मोजली जाते.

पुण्याहून येऊन अकरावीत बसलेल्या एका मुलाचं सांगते (ओळखीचे तपशील बदलले आहेत). बोर्डाची गुणपत्रिका लॅमिनेट करून आणली होती. नववीचं प्रगतिपुस्तक मात्र पुण्यात, माळ्यावर. आजोबांनी ते शोधून, शाळेचा सहीशिक्का घेऊन पाठवेपर्यंत सप्टेंबर उजाडला.

मग आम्ही कागद ओळीओळीने वाचले. गणितापुढे नुसता १०० पैकी एक आकडा. इथल्या शाळेला हवं असतं बीजगणित किती झालं, भूमिती किती झाली. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिका छापून जोडल्या. वर्गसमीकरणं, वर्तुळ, त्रिकोणमिती दिसल्यावर गणिताचा प्रश्न मिटला. विज्ञानाचंही तसंच झालं. मराठी-हिंदी परभाषेच्या रकान्यात बसल्या. खाली श्रेणींची एक ओळ असते, तिच्याकडे बाबांनी बघितलंही नव्हतं: आरोग्य व शारीरिक शिक्षण. डिप्लोमाला पी.ई.ची दोन वर्षं लागतात. नववी-दहावीच्या श्रेणींवर शाळेने ती मान्य केली आणि वेळापत्रकात रोजचा एक तास सुटला.

इतिहास मात्र अडला. राज्याला जागतिक इतिहासाचं एक वर्ष हवं, आणि आपल्या नववीत स्वातंत्र्योत्तर भारत, दहावीत इतिहासलेखन. "अहो, सामाजिक शास्त्रात ९२ आहेत त्याला," आई कळवळून सांगत होत्या. पण शाळेचं म्हणणं रास्त होतं. तेव्हा अकरावीत वर्ल्ड हिस्टरी आणि यूएस हिस्टरी दोन्ही एकदम. बाबा म्हणाले, "इंजिनीअरिंगला जाणाऱ्याला हे कशाला?" इथे अकरावीला शाखा निवडायची नसते, त्यामुळे इतिहासापासून सुटका कुणाचीच नाही. बारावीला एकेक सत्र शासनव्यवस्था आणि अर्थशास्त्रही असतं.

खरी मेख पुढे आहे. डिप्लोमाची यादी वेगळी आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया किंवा कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या सरकारी विद्यापीठांत प्रवेशासाठी लागणारी यादी वेगळी. दुसरीला 'ए-जी' म्हणतात; तिच्यात १५ वार्षिक कोर्स असतात. राज्य इंग्रजीची किमान तीन वर्षं मागतं, ए-जी चार. गणिताची राज्य दोन, ए-जी तीन. डिस्ट्रिक्टच्या अटी याहून जास्त असू शकतात, पण या दोन याद्या एकच आहेत असं धरून चालणारे पालक मला दर वर्षी भेटतात.

डिसेंबरमध्ये, पहिल्या सत्राच्या शेवटी, यूएस हिस्टरीत डी ग्रेड आला, म्हणजे पास होण्यातला सगळ्यात खालचा. मुलगा हुशार, पण आठवड्याला दोन इतिहासांची मिळून शंभरेक पानं इंग्रजीत वाचून निबंध लिहायचे म्हणजे खाऊ नाही. बाबा निर्धास्त होते: "पास आहे ना?" डिप्लोमापुरता पास. ए-जीमध्ये सी लागतो, डी म्हणजे तो कोर्स झालाच नाही. हेच गणितात घडलं असतं तर दुसऱ्या सत्रात सी मिळवून पहिल्या सत्राचा डी भरून निघाला असता, परभाषेतही निघतो. इतिहासात ती सवलत नाही. दुसऱ्या सत्रात त्याला बी मिळाला, तरी पहिलं सत्र उन्हाळ्याच्या वर्गात पुन्हा करावं लागलं. घरच्यांची पुण्याची तिकिटं पुढे ढकलली गेली, त्यावरून थोडी धुसफूस झाली. मला विचाराल तर उन्हाळा गेलेला परवडला.

आता तो बारावीत आहे. बाबांना एपी (म्हणजे कॉलेजच्या पातळीचा) फिजिक्सच्या जोडीला एपी केमिस्ट्रीही हवी होती. मी एकच घ्या म्हटलं. बारावीचे ग्रेडही युनिव्हर्सिटी बघते, आणि प्रवेश मिळाल्यावर एखाद्या विषयात डी आला तर तो प्रवेश रद्द होऊ शकतो. शिवाय ए-जीतलं कलेचं एक वर्ष अजून बाकी होतं. त्या तासाला त्याने सिरॅमिक्स, म्हणजे मातीची भांडी घडवणं, घेतलं आहे.