कॅनडातील कॉलेज निवडताना
कॅनडात शिकायला जायचे ठरले असेल, तर एजंटाच्या हाती शुल्क देण्याआधी तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत कॉलेजचे नाव आणि ‘ओ’ अक्षराने सुरू होणारा संस्था क्रमांक स्वतः पाहून घ्यावा. शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यासाठी तिथले अभ्यासक्रम पात्र आहेत का, हेही त्याच यादीत कळते. माझ्या मते खरी मेख इथेच आहे, कारण संस्था मान्यताप्राप्त असली तरी तो परवाना मिळेलच असे नाही, आणि घरच्यांनी तर त्याच भरवशावर कर्ज काढलेले असते. ८ नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेज बदलायचे झाल्यास नव्या अभ्यास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, त्यामुळे ‘आधी पोहोचू, मग कॉलेज बदलू’ हा सल्ला मुळीच ऐकू नये.