लाईट (रेडिएशन) झाली, गाठ परत आली. आता ऑपरेशन करायचं की नको?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझे मामंजी ६१ वर्षांचे, तंबाखू पहिल्यापासून. अन्ननलिकेच्या मधल्या भागात कॅन्सर निघाला, तेव्हा ऑपरेशन न करता केमो आणि २८ वेळा लाईट दिली. बरे होते, भाकरी ताकात कुस्करून खाऊलालते. आता सात महिन्यांनी परत घास अडकूलालाय, दुर्बिणीतून तुकडा काढला त्यात कॅन्सरच आलाय. एक सर्जन म्हणतात ऑपरेशन होतंय, दुसरे म्हणतात लाईट दिलेल्या छातीला हात लावू नका, टेबलावरच जातील. दोघंपण मोठे डॉक्टर, आम्ही कुणाचं ऐकायचं? (एक सून, खानापूर तालुका, बेळगाव)

उत्तर: ताई, दोघंही खोटं सांगत नाहीत. केमो-लाईटनेच बरं करायचं ठरलेलं असतं आणि मग गाठ राहते नाहीतर परत उगवते, तेव्हा करावं लागणाऱ्या ऑपरेशनला आम्ही सॅल्व्हेज सर्जरी म्हणतो आणि यावर सर्जन लोकांचं एकमत कधीच नव्हतं.

"हात लावू नका" म्हणणाऱ्यांची भीती उगाच नाही. ह्यूस्टनच्या एम डी अँडरसन हॉस्पिटलने २००२ साली आपले पेशंट मांडले, त्यात केमो-लाईटनंतर पहिल्यापासूनच ठरवून केलेल्या ऑपरेशननंतर १०० मधले ६ दगावले होते आणि सॅल्व्हेजनंतर १५, जोड (अन्ननलिका काढल्यावर जठर वर नेऊन शिवतात ती जागा) लीक व्हायचं प्रमाण तर ७ वरून ३९ टक्क्यांवर गेलेलं. पेशंट मोजकेच होते, पण हे आकडे एकदा डोक्यात बसले की निघत नाहीत. नंतर २०१५ मध्ये युरोपातल्या बऱ्याच हॉस्पिटलांचे मिळून ३०८ सॅल्व्हेज पेशंट बघितले, त्यात मृत्यू ८.४ टक्के आणि केमो-लाईटनंतर ठरवून ऑपरेशन केलेल्यांत ९.३, म्हणजे जवळजवळ सारखेच, तीन वर्षांनी जिवंत असणारेही दोन्हीकडे ४० टक्क्यांच्या वरच. जोड मात्र सॅल्व्हेजमध्ये जास्त लीक झाले, १७ विरुद्ध ११ टक्के. पण ही हॉस्पिटलं अशी ऑपरेशनं नेहमी करणारी, हे विसरू नका.

आत काय होतं ते सांगतो. लाईटनंतर महिने जातील तसं छातीतलं मऊ मांस कडक होत जातं, एरवी अन्ननलिका श्वासनलिकेपासून आणि महाधमनीपासून सहज सुटी होते, इथं दोघांमधली फटच सापडत नाही, कात्री कुठं घालायची तेच कळत नाही आणि चुकलं तर श्वासनलिकेला भोक. अन्ननलिका काढली की जठराची नळी करून वर मानेत नेऊन जोडतात, त्या जठराच्या वरच्या टोकाला लाईट लागली असेल तर तिथं रक्त कमी पोचतं, मग जोड सुटतो. फुफ्फुसंही थोडी भाजलेली असतात त्यामुळं न्यूमोनिया लवकर धरतो. म्हणून मामंजींची लाईटची फाईल सर्जनला दाखवाच. २८ वेळा म्हणजे बहुतेक ५०.४ ग्रे (लाईट मोजायचं माप) डोस असणार, ५५ च्या वर गेला असेल तर धोका वाढतो.

माझं मत विचाराल तर मी सरसकट नको म्हणणाऱ्यातला नाही. पण गाठ पूर्ण निघणार असेल तरच, थोडी मागं राहणार असेल तर एवढा त्रास देऊन हाती काही लागत नाही. आधी पेट स्कॅन करून लिव्हर, फुफ्फुस, मान साफ आहे का बघायचं, मग श्वासनलिकेत दुर्बीण घालून गाठ तिकडं घुसली नाही ना ते बघायचं. घुसली असेल तर विषयच संपला, दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. आणि मामंजी दोन जिने न थांबता चढतात का? वजन किती उतरलंय? गिळवत नसेल तर पोटातून नळी घालून दोन-तीन आठवडे पेज, दूध, प्रोटीन पावडर पोटात जाऊ द्या, तंबाखू आजच्या आज बंद, कोण चोरून आणून देतंय ते घरात बघा (देणारं घरातलंच असतंय!).

सर्जनला सरळ विचारा, "लाईटनंतरची अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता?" राग आला तर येऊ दे. बेळगावात झालं तर घराजवळ बरं, नाहीतर मुंबईला टाटामध्ये फाईल दाखवून या. आयुष्मान कार्ड चालतंय का ते योजनेच्या काउंटरला आधीच विचारा. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना जाहीर केलीय, गावाचं नाव यादीत आहे का बघून घ्या, सीमावाद तिकडं सुप्रीम कोर्टात चालू दे.

ऑपरेशन होणार नसेल तर स्टेंट (अन्ननलिका उघडी ठेवणारी जाळीची नळी), केमो, इम्युनोथेरपी (अंगातली प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं) हे रस्ते आहेत, त्यानं घास उतरतो, दिवस मिळतात, पण कॅन्सर मुळापासून जात नाही, हे घरच्यांनी समजून घ्या.

प्रश्न: माझ्या भावाची केमो-लाईट झाली, आता स्कॅन क्लीन आहे, तरी पुढच्या महिन्यात ऑपरेशन धरलंय. गाठच नाही तर कापायचं कशाला? (निपाणी)

उत्तर: शंका बरोबर आहे. नेदरलँड्सच्या क्रॉस अभ्यासात केमो-लाईटनंतर काढलेल्या अन्ननलिका तपासल्या तर स्क्वॅमस प्रकारच्या, म्हणजे आपल्याकडं जास्त दिसणाऱ्या कॅन्सरमध्ये ४९ टक्के पेशंटच्या तुकड्यात कॅन्सर उरलाच नव्हता. तिथल्याच सानो अभ्यासात नीट तपासून, गाठ नाही अशी खात्री करून काहींवर नुसतं लक्ष ठेवलं, काहींचं ऑपरेशन केलं, दोन वर्षांनी जिवंत ७४ आणि ७१ टक्के. पण खात्री म्हणजे नुसता स्कॅन नव्हे, दुर्बिणीतून खोलवर तुकडे, आजूबाजूच्या लसिका गाठींची सुईने तपासणी, आणि पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी परत हेच सगळं. परत उगवली तर लगेच ऑपरेशनला तयार राहायचं. भाऊ बरं वाटलं की दवाखान्याकडं फिरकत नसेल, तर धरलेली तारीख सोडू नका.