काजूची अकरा झाडं

‘स्वतः उभं राहून बांधलेलं घर, आता चारी बाजूंनी बिल्डिंगा. विकावं तर जीव तुटतो, राहावं तर गुदमरतो. काय करू?’ गोव्यातली पर्वरी, ताळगाव, फातोर्डा. माणसं वेगळी, वाक्य हेच. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या इतक्यांनी विचारलं, की शेवटी एकाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

भाई निवृत्त शिक्षक. 1986 च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला आणि माणसं फेरीबोटीने पणजीला जाऊ-येऊ लागली, त्या दिवसांत त्यांनी नदीपलीकडे पर्वरीच्या पठारावर प्लॉट घेतला. सगळे हसले. चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौलं, तांबडा कोबा, पुढे सोपा; एकेक चिरा स्वतः वाजवून घेतलेला. मग 1992 ला नवा पूल झाला, 2000 मध्ये विधानसभा पठारावर आली, 2019 ला अटल सेतू. दर खेपेला घराची किंमत चढली आणि आभाळ आक्रसलं.

सुरुवातीच्या बैठका नुसत्या रागाच्या. बिल्डर, पंचायत, गेटसमोर लावलेल्या गाड्या. ‘हे असं व्हायलाच नको होतं!’ ‘असंच व्हायला हवं’ हा हट्टच माणसाला छळतो, असं सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वळणाची मी, त्यामुळे बोलण्यातला ‘च’ मला आधी ऐकू येतो. तो ‘च’ खोडायचा प्रयत्न केला आणि तोंडावर आपटले. भाई माझ्यापेक्षा चांगले वाद घालतात.

मग एकदा सहज विचारलं, “तुम्ही घेतलात तेव्हा त्या जागेवर काय होतं?”

“काय असणार? काजू.”

“किती?”

मी गप्प राहिले. (माझी गप्प बसण्याची सवय काही सहकाऱ्यांना अति वाटते. वाटू दे.) बऱ्याच वेळाने भाई म्हणाले, “अकरा. मीच तोडून घेतली. एक म्हातारी बोंडं वेचायला यायची. पुढच्या वर्षी आली, कंपाउंडपाशी थोडी उभी राहिली, गेली. हे मी कोणाला सांगितलं नाही.”

रागाखाली दुःख असतं, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. इथे त्याच्याही खाली काहीतरी होतं. त्या पठारावर पहिली कुऱ्हाड आपण चालवली, हे भाईंना कायम ठाऊक होतं. बिल्डरवर ओरडलं की ते ऐकू येत नसे. मी म्हटलं, “तुम्ही गुन्हा केला नाहीत. तुम्हाला घर हवं होतं. समोरच्या पाचव्या मजल्यावरच्यालाही घरच हवं होतं.” ते रडले नाहीत. चष्मा पुसत राहिले. त्यानंतर तो ‘च’ पुन्हा फारसा आला नाही.

खरं तर मी एक गोष्ट फार उशिरा विचारली: घरात वयनींना, म्हणजे भाईंच्या बायकोला, काय वाटतं? आपल्या गोव्यात नवऱ्याला बायकोच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. तिची सही लागणार, हे भाईंनी पक्कं लक्षात ठेवलं होतं. मत विचारायचं राहून गेलं. वयनी आल्या आणि म्हणाल्या, “भिरंडाची, कोकमाची सोलं अंगणात वाळत घालते. सकाळी दहापर्यंत ह्या बिल्डिंगची सावली, दोननंतर त्या. दोन वर्षं बुरशी आली. टाकून दिली, ह्यांना कळू दिलं नाही.”

भाई त्यांच्याकडे बघतच राहिले.

म्हणून मला विचारणाऱ्यांना आधी हेच सांगते: दलालाला भाव विचारण्याआधी घरातल्या माणसाला विचारा, आणि त्याच्या कुठल्या गोष्टी बंद पडल्यात ते ऐका. ‘विकू का’ आणि ‘केवढ्याला’ हे दोन प्रश्न एका दिवशी काढू नका. आकडा कानावर पडला की पहिला प्रश्न मरतो. शेजाऱ्याने विकलं म्हणून विकू नका, त्याने विकलं नाही म्हणून अडूनही बसू नका. आणि जमत असेल तर आधी दुसरीकडे सहा महिने भाड्याने राहून बघा. घराला कुलूप लावून लांब गेलं, की आठवण घराची येते की आपल्या चाळिशीची, ते कळतं. पुष्कळांना दुसरीच येते, आणि ती घरासोबत विकली जात नाही.

भाई-वयनी आता डिचोलीकडे भाड्याच्या घरात आहेत. या मे महिन्यात सोलं कडकडीत वाळली, एक बरणी माझ्याकडेही आली. पर्वरीचं घर अजून विकलेलं नाही. गिऱ्हाईक आलं की भाई त्याला आधी कोब्यावर अनवाणी चालायला लावतात.