फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी दिवा घेऊन फिरण्यापलीकडे नक्की काय केलं?

तुमची मुलगी जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला आहे, बारा मेच्या, म्हणजे परिचारिका दिनाच्या कार्यक्रमात तिला पाच मिनिटं बोलायचंय, आणि 'सेवा, त्याग, करुणा' सोडून मुद्दे हवेत असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. ते शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले.

दिव्याचं आधी उरकते. नर्सच्या बिल्ल्यावर असतो तो चोचीचा, अल्लादिनच्या गोष्टीतला दिवा नाइटिंगेलबाईंच्या हातात कधीच नव्हता. युद्धात त्या होत्या त्या स्कुटारीच्या इस्पितळात वापरत ते तुर्की फानूस: आपल्या घडीच्या आकाशकंदिलासारखा मिटवता येणारा कंदील, आत मेणबत्ती. दिवेवाली बाई ही प्रतिमा लंडनच्या 'टाइम्स'नं उभी केली आणि १८५७ मध्ये एका अमेरिकन कवीनं पक्की केली. लॅम्प लायटिंगला, म्हणजे नर्सिंग विद्यार्थिनींच्या दीपप्रज्वलन समारंभाला, आपण घेतो ती 'नाइटिंगेल शपथ'सुद्धा बाईंनी लिहिलेली नाही. ती १८९३ ची, डेट्रॉइटमधल्या लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीची.

आता काम. ४ नोव्हेंबर १८५४ ला ३८ नर्सेसना घेऊन त्या इस्तंबूलसमोर स्कुटारीला पोचल्या. रशियाविरुद्ध ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान असं क्रिमियाचं युद्ध चालू होतं आणि ब्रिटिश सैनिकांचं इस्पितळ म्हणजे तुर्की सैन्याची एक अवाढव्य बराक. त्यांनी भाड्यानं घर घेतलं, तिथे पाणी तापवायचे बॉयलर बसवले, सैनिकांच्या बायकांना धुण्याच्या कामाला लावलं. पथ्याच्या जेवणासाठी वेगळी स्वयंपाकघरं काढली. ब्रश, चादरी, सदरे मागवले. एवढं करूनही माणसं मरत राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभर रुग्णांमागे ४२. भाषणांतून नेमकं हेच गाळलं जातं.

कारण चादरी बदलल्या तरी खालची गटारं तुंबलेलीच होती. मार्च १८५५ मध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. त्यात डॉक्टर सदरलँड होते आणि रॉबर्ट रॉलिन्सन हे इंजिनिअर. पहिल्या पंधरवड्यात ५५६ हातगाड्या-टोपल्या भरून घाण बाहेर काढली. पाण्याच्या वाटेत मेलेला घोडा सापडला, म्हणजे वॉर्डातलं पाणी त्याच्यावरून येत होतं. गटारं धुऊन काढली, भिंतींना चुना मारला, हवा खेळती केली. जूनमध्ये तोच आकडा शंभरामागे २ वर आला.

तेव्हा 'नाइटिंगेल आल्या आणि मृत्यू थांबले' असं मुलीला म्हणू देऊ नका. थांबले ते नळ-गटारवाल्यांमुळे. बाईंचा मोठेपणा त्यानंतरचा आहे. १८५६ मध्ये घरी परतल्यावर त्यांनी विल्यम फार या आकडेतज्ज्ञाला सोबत घेऊन सगळ्या नोंदी उपसल्या आणि जे निघालं ते लपवलं नाही, सरकारच्या तोंडावर मारलं.

त्या नोंदींतली एक ओळ बघा. जानेवारी १८५५: ब्रिटिश सैन्याची सरासरी संख्या ३२,३९३. टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले २,७६१, जखमांनी ८३, इतर कारणांनी ३२४. दर काढायची रीत: महिन्याचे मृत्यू गुणिले १२, भागिले सैन्यसंख्या, गुणिले १०००. रोगांचा दर येतो हजारी १,०२२.८. हजाराच्या वर! म्हणजे त्या वेगानं, नवी भरती न करता, नुसत्या आजारानं वर्षाच्या आत अख्खं सैन्य संपलं असतं, शत्रूनं एकही गोळी न झाडता. पुढच्या जानेवारीत संख्या ४४,२१२ आणि रोगाचे मृत्यू ४२, दर ११.४. पाच मिनिटांत एवढी एकच तुलना सांगितली तरी सभागृह ऐकेल.

याचीच १८५८ ची ती प्रसिद्ध गोल आकृती. वर्तुळाचे बारा समान भाग, एकेक ३० अंशांचा, दर महिन्याला एक. निळा रंग रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. तिन्ही रंग केंद्रापासून मोजायचे, एकावर एक रचलेले नाहीत. बहुतेकांचं वाचताना इथेच चुकतं. मुलीला पोस्टर करायचं असेल तर त्रिज्या आकड्याच्या प्रमाणात धरू नका, क्षेत्रफळ प्रमाणात यायला हवं, म्हणून त्रिज्येला आकड्याचं वर्गमूळ घ्यायचं. १०० आणि ४०० दाखवायचे तर त्रिज्या १ आणि २. सरळ १ आणि ४ घेतल्या तर चौपट मृत्यू सोळापट दिसतील, आणि मागच्या रांगेतला कुणीतरी हमखास बोट ठेवील.

आता माझं जुनं भांडण. 'सिस्टर, लिहीत काय बसता, पेशंटकडे बघा' असं म्हणणारे साहेब प्रत्येक वॉर्डाच्या नशिबी असतात. त्यांनी १८५९ चं 'नोट्स ऑन नर्सिंग' उघडून निरीक्षणावरचं प्रकरण वाचावं. बाई म्हणतात, 'रात्र बरी गेली का' हा प्रश्नच कुचकामी. किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी, हे विचारा. पहिल्या झोपेतच जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं वेगळं आणि पहाटे जाग येणं वेगळं. ड्युटी बदलतानाच्या आपल्या हँडओव्हरला आजही 'बेड नंबर सात, रात्र बरी गेली' एवढंच ऐकू येतं. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर तर अख्ख्या वॉर्डाचा श्वास मिनिटाला २०! कुणी पूर्ण मिनिट छाती बघत मोजलेलंच नसतं, ड्युटी संपताना एकाच पेनानं ओळ भरलेली असते. पेशंट बिघडायला लागला की बहुतेकदा सगळ्यात आधी श्वासच वाढतो, आणि चार्टवर मात्र तो शेवटपर्यंत २०. तेव्हा लिहिणं हे कारकुनी काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी मोजायला एक मिनिट देणारं मनुष्यबळ आधी द्यावं, मग बोलावं.

त्याच पुस्तकातल्या बाकीच्या सूचनाही अशाच रोकड्या. आतली हवा बाहेरच्याइतकी शुद्ध हवी, पण पेशंटला गारठा लागता कामा नये. कोरड्या फडक्यानं धूळ उडते आणि परत बसते, म्हणून ओलं फडकं. बोलताना पेशंटच्या नजरेसमोर बसा, त्याला मान वळवायला लावू नका. दाराबाहेर कुजबुजू नका, त्याला वाटतं आपल्याबद्दलच चाललंय. आणि तुम्ही हजर असताना जे होतं ते तुम्ही नसतानाही व्हायला हवं, अशी व्यवस्था लावून ठेवा. मावशी सुटीवर गेल्या की बेडपॅन कोण देणार, या आपल्या रोजच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

बाकी भराभर: १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांच्या नावे जमलेल्या निधीतून प्रशिक्षण शाळा निघाली. भारतात त्या कधीच आल्या नाहीत, पण इथल्या छावण्यांना छापील प्रश्नावल्या धाडून त्यांनी माहिती गोळा केली. भारतातल्या सैन्याच्या आरोग्यावरच्या ब्रिटिश शाही आयोगाच्या १८६३ च्या अहवालात इथल्या गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर वर्षाला हजारी ६९ होता. दहा वर्षांनी त्यांनीच तो १८ वर आल्याचं लिहिलं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर हे या कामात त्यांचे साथीदार.

आणि हो, देवी करू नका. प्रत्यक्ष शुश्रूषा त्यांनी तीनेक वर्षंच केली, पुढचं बरंचसं काम आजारपणात पलंगावरून. दुर्गंधीच्या हवेनं रोग होतात यावर त्यांचा विश्वास होता, जंतूंचा सिद्धांत पचायला त्यांना फार वेळ लागला. म्हणजे गटारं साफ करा हे बरोबर, कारण चुकीचं. नर्सेसच्या सरकारी नोंदणीला त्यांचा कडाडून विरोध होता; आज नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीशिवाय तुमच्या मुलीला ड्युटी मिळणार नाही. क्रिमियाच्या युद्धात जमैकाच्या मेरी सीकोल स्वखर्चानं गेल्या होत्या, त्यांचं नाव बारा मेला कुणी घेत नाही.

मुलीला सांगा, जन्म-मृत्यूच्या तारखा (१२ मे १८२०, १३ ऑगस्ट १९१०) सूत्रसंचालक सांगेलच, त्यात वेळ घालवू नको. मेलेल्या घोड्यापासून सुरुवात कर.