बोकडाचं डोकं आणि 18 हजारांचा कोर्स

अरे,

तुझा मेसेज वाचला, मेसेज कसला, फुलस्केपची चार पानं भरतील एवढं लिहिलंयस. आईने तो बोकडाच्या डोक्याचा टीशर्ट फरशी पुसायला काढला हे वाचून मी हसलो, सॉरी, पण हसलो. माझ्या वडिलांनी एका कॅसेटचं कव्हर असंच उचलून चपलांच्या रॅकवर नेऊन ठेवलं होतं, कॅसेट वाजवायला बंदी नाही, फक्त ते कव्हर देवघरातनं दिसायला नको.

तू विचारलंयस की हे सगळे रॉक-मेटल बँडवाले खरंच सैतानाचे भक्त असतात का, लेड झेपलिन बँडच्या गिटारिस्ट जिमी पेजने आत्मा विकला का, त्या व्हिडिओत दाखवतात ते खरं का, आणि घरचे म्हणतात तसं वाजवणं सोडू का. असे सात-आठ प्रश्न. आणि मग शेवटी जाता जाता एक ओळ, की बँडमधल्या मित्राने तुला एका ग्रुपमध्ये नेलं, तिथे कलाकारांचे 'ब्लॉक' काढतात, पहिली लेव्हल फ्री होती, पुढच्या लेव्हलचे 18 हजार आहेत, घरी सांगितलेलं नाही. मला खरं तर फक्त त्या ओळीबद्दल लिहायचंय. पण तू बोकडाबद्दल विचारलंयस, तर आधी बोकड.

ब्लॅक सॅबथ हा बँड घे, कारण आयांचा राग बहुतेक तिथूनच सुरू होतो. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या वस्तीतली चार पोरं, पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 ला, आणि तो होता शुक्रवार. नाव एका हॉरर पिक्चरवरून उचललेलं. कव्हर उघडल्यावर आत जो उलटा क्रूस दिसतो तो कंपनीने टाकला, पोरांना विचारलंसुद्धा नव्हतं. आणि गळ्यात जे मोठाले क्रूस घालायचे ते त्यांचा गायक ऑझी, त्याच्या वडिलांनी करून दिलेले, कारण खरे सैतानवाले मागे लागल्यावर हीच पोरं टरकली, असं ते स्वतः सांगायचे. म्हणजे ताईत रे, दुसरं काय.

आता गिटार घे. जाड ई तारेवर तिसरा फ्रेट, मग डी तारेवर पाचवा, मग ए तारेवर चौथा, सावकाश, प्रत्येक सूर मरू दे मग पुढचा. झालं, हाच तो सैतान. हार्मोनियमवर बघितलंस तर खालचा सा, वरचा सा, आणि तीव्र मध्यम, बाकी काही नाही. युरोपात या अंतराला 'संगीतातला सैतान' म्हणायचे, आणि चर्चने हा सूर वाजवणाऱ्यांना शिक्षा केली वगैरे जे व्हिडिओत सांगतात ती थाप आहे, ते नाव बरंच नंतरचं, साधारण 18व्या शतकातल्या पुस्तकांतलं, आणि ते पडलं कारण हा सूर गायला अवघड आणि कानाला टोचतो. आपल्याकडे? आपल्याकडे यमन. आठवीतली पोरगी क्लासमध्ये तानपुऱ्याच्या सा वर तीव्र म लावते आणि मॅडम म्हणतात, छान, पुन्हा घे. तुझी आई लग्नाआधी गाणं शिकायची ना? तिलाच म्हणायला सांग आज.

आणि तो जड, खोल आवाज, ज्याला लोक नरकाचा आवाज म्हणतात, तो कुठून आला माहितीये? सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमी 17 वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. फोरमनने त्याला जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, जो आगीत हात भाजल्यावर दोन बोटांवर सोलो वाजवायचा. मग याने भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या, पुढे पुढे त्या उतरवून ढिल्या केल्या म्हणजे दाबायला त्रास कमी. नरक बिरक काही नाही, भांड्याच्या साबणाची बाटली.

मला या आत्मा विकायच्या गोष्टींचा राग का येतो सांगू का, त्या माणसाचा रियाझ चोरतात. रॉबर्ट जॉन्सन, मिसिसिपीचा ब्लूज गिटारवाला, 1938 मध्ये 27 व्या वर्षी गेला, मागे 29 गाणी. आधी धड वाजवता येत नव्हतं, गावाबाहेर गेला आणि परत आला तो असा वाजवत की बुजुर्ग गप्प झाले, मग लोक म्हणाले चौकात मध्यरात्री सैतानाने याची गिटार ट्यून करून दिली. मधल्या काळात तो आइक झिमरमन नावाच्या माणसाकडे शिकत होता, रात्री स्मशानात बसून, कारण तिथे कोणाची झोपमोड होत नाही. चौकाची गोष्ट तर आधी दुसऱ्याच एका जॉन्सनच्या नावावर होती, टॉमीच्या, ती याला येऊन चिकटली. आपल्याकडेही अमक्या बुवांनी डोक्यावर हात ठेवला आणि गळा उघडला म्हणतात, त्या गळ्याने आधी दहा वर्षं पहाटे चारला खर्ज लावला ते कोणी सांगत नाही.

जिमी पेजचं मात्र खरं आहे, निदान अर्धं. त्याला ॲलिस्टर क्रोलीचं वेड होतं. क्रोली म्हणजे 1947 मध्ये वारलेला इंग्रज तांत्रिक म्हण हवं तर, 'मनात येईल ते कर, हाच कायदा' या त्याच्या वाक्यावर पंथ उभा राहिला. पेजने ते वाक्य लेड झेपलिनच्या 1970 च्या तिसऱ्या अल्बमच्या रेकॉर्डवर, जिथे खाचा संपतात तिथे, कोरून घेतलं. स्कॉटलंडमध्ये लॉख नेसच्या काठावरचं क्रोलीचं जुनं घर विकत घेतलं, लंडनमध्ये असल्या पुस्तकांचं दुकानही काढलं. पुढे दुकान बंद केलं, 1992 मध्ये घर विकून टाकलं. बघ, पैसे त्याचे, पुस्तकं त्याची, दाराची किल्ली त्याच्याकडे, कंटाळा आला तेव्हा विकून मोकळा. कोणी त्याला पुढची लेव्हल विकत नव्हतं. आणि या सगळ्याच्या आधी तो लंडनच्या स्टुडिओत रोजंदारीवर शेकडो लोकांच्या गाण्यांत गिटार वाजवत होता, ते त्या व्हिडिओत येत नाही कारण ते बघायला बोअर आहे.

तुझ्या टीशर्टवरचा बोकडसुद्धा घे ना. सॅन फ्रान्सिस्कोत 1966 मध्ये अँटन लावे नावाच्या ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाने 'चर्च ऑफ सेटन' काढलं, त्यांचं ते चिन्ह. आणि त्यांचं म्हणणं काय, तर सैतान बितान कोणी नाहीच, देवही नाही, स्वतःवर प्रेम करा. एवढंच. थोडा नाटकीपणा, काळे झगे.

नॉर्वेत मात्र खरंच जळलं, तिथल्या ब्लॅक मेटलवाल्या पोरांनी जाळलं. 1992 मध्ये बर्गनजवळचं फान्टॉफ्टचं लाकडी चर्च, मग आणखी बरीच, आणि ऑगस्ट 1993 मध्ये मेहेम बँडच्या गिटारिस्टला 'बुर्झुम' नावाने वाजवणाऱ्या पोराने सुरीने भोसकून मारलं. मारणारा 20 वर्षांचा, 21 वर्षांची शिक्षा झाली. ते रेकॉर्डच्या दुकानात जमायचे, दुकानाचं नावच 'नरक', आणि मी तुझ्यापेक्षा जास्त कट्टर हे एकमेकांना दाखवता दाखवता तिथपर्यंत गेले. तिथला सैतान जवळपास तुझ्याच वयाचा होता आणि त्याला मित्रांसमोर कमी पडायचं नव्हतं.

आईला मात्र एक गोष्ट नक्की सांग, चिडून नाही, चहा पिताना. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात, वेस्ट मेम्फिस गावात, 1993 मध्ये आठ-आठ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले. गाव हादरलं, आणि पोलिसांची नजर गेली एका काळे कपडे घालणाऱ्या, मेटालिका ऐकणाऱ्या, जादूची पुस्तकं वाचणाऱ्या पोरावर. डेमियन एकोल्स. सोबत आणखी दोन. त्यांना खुनाशी जोडणारा एकही ठोस भौतिक पुरावा नव्हता, त्यातल्या एकाचा पोलिसांनी तासन् तास बसवून घेतलेला आणि नंतर त्याने फिरवलेला जबाब, बाकी कोर्टात सैतानी विधींवर बोलायला एक 'तज्ज्ञ' आणला आणि एकोल्सला मृत्युदंड सुनावला. 18 वर्षं आत. 2011 मध्ये सुटले, तेही निर्दोष म्हणून नाही, एका विचित्र कायदेशीर तडजोडीवर. आपल्याकडे करणी केली म्हणून एखाद्या म्हातारीला गाव वाळीत टाकतं, त्याचीच ही इंग्रजी आवृत्ती. खुनी मोकळाच राहतो, ते वेगळंच.

बरं. आता तो ग्रुप.

तू लिहिलंस की तिथे सगळे खूप छान बोलतात, कॉफी देतात, पहिल्या दिवशी एक लांबलचक फॉर्म भरून घेतला आणि मग एका मुलीने समोर बसून तुला सांगितलं की तुझ्यात टॅलेंट आहे पण आत काहीतरी अडकलंय. मी हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. कारण अमेरिकेतल्या सायंटॉलॉजी पंथातही दार असंच उघडतं. एल. रॉन हबर्ड हा सायन्स फिक्शन लिहिणारा माणूस, 1950 मध्ये 'डायनेटिक्स' आलं, पुढे त्याचा धर्म झाला. 200 प्रश्नांची फुकट टेस्ट, नावात ऑक्सफर्ड, विद्यापीठाशी संबंध शून्य. टेस्टमधून काहीतरी बिघडलेलं निघणार म्हणजे निघणारच. मग 'ऑडिटिंग': दोन हातांत धातूचे दोन डबे, समोरच्या मीटरवर काटा हलतो, तू आयुष्यातलं एकेक बाहेर काढून सांगायचं आणि समोरचा लिहून घेणार. त्या मीटरने फक्त कातडीचा रेझिस्टन्स मोजला जातो, आजार बरा करायला याचा उपयोग नाही असं त्यावर लिहा म्हणून अमेरिकेतल्या कोर्टाने 1971 मध्ये सांगितलं. मग लेव्हल, त्याच्यावर लेव्हल, आणि प्रत्येक पायरीला पैसे. कलाकारांसाठी तर 1969 पासून लॉस एंजेलिसमध्ये वेगळं सेंटर आहे, कारण एक गाणारा आला की मागे हजार येतात.

मी असं म्हणत नाही की तिथे गेलेला प्रत्येक जण बुडतो. चिक कोरिया शेवटपर्यंत त्यात होता, 2021 मध्ये गेला, आणि पियानो असा वाजवायचा की मी आजही दाढी करताना ऐकतो. 2004 मध्ये त्याने हबर्डच्या कादंबरीवर अख्खा अल्बम केला. उलट 1993 मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला त्याचा कार्यक्रम फक्त तो सायंटॉलॉजिस्ट आहे म्हणून रद्द झाला, ते मला मुळीच पटत नाही. श्रद्धा त्याची, बोटं त्याची.

पण गायक आयझॅक हेज बघ. साउथ पार्क कार्टूनमधल्या शेफचा आवाज. 2005 मध्ये त्या कार्टूनने सायंटॉलॉजीची टर उडवली, काही महिन्यांनी हेजच्या नावाने पत्रक निघालं की मी सोडतोय, धर्माचा अपमान झाला. 2016 मध्ये त्याच्या मुलाने सांगितलं की वडिलांना स्ट्रोक झाला होता, धड बोलता येत नव्हतं, ते पत्रक आजूबाजूच्या लोकांनी काढलं. त्या आवाजाच्या माणसाचा आवाज गेलेला, आणि त्याच्या वतीने बोलायला भोवती हजर कोण. मला अंगावर काटा कशाने येतो विचारशील तर याने.

गायक-कवी लेनर्ड कोहेनही 1968 च्या सुमारास सायंटॉलॉजीत डोकावून आला, त्याच्या 1971 च्या एका गाण्यात तो त्यांचाच शब्द वापरून 'क्लिअर' झालास का असं कुणाला तरी विचारतो. पण तो बाहेर पडला. मग नव्वदीत कॅलिफोर्नियाच्या डोंगरावर झेन मठात पाच वर्षं, आणि 1999 मध्ये कुठे आला असेल? मुंबईत. केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात उतरून सकाळी रमेश बाळसेकरांच्या घरी जाऊन बसायचा. हे बाळसेकर म्हणजे बँकेतले निवृत्त मोठे साहेब, खेतवाडीत राहणाऱ्या, बिडीच्या दुकानावर संसार केलेल्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य, महाराज मराठीत बोलायचे ते हे इंग्रजीत सांगायचे. कोहेन आयुष्यभर शोधतच होता, पण प्रत्येक ठिकाणाहून स्वतःच्या पायाने निघाला.

माझ्या बँडमधला ड्रमर नाही निघू शकला. नाव नको, त्या शिबिराचंही नको. मुंबईत रंगभवनला आय-रॉक हा रॉक बँडचा महोत्सव बघायला आम्ही लोकलने एकत्र जायचो. त्याला तणाव होता, झोप लागत नव्हती, कोणीतरी तीन दिवसांच्या शिबिराला नेलं. तीन दिवसांचं पुढे तीन महिन्यांचं झालं. मग तिथल्या लोकांनी सांगितलं की तुझ्या जुन्या मित्रांची एनर्जी तुला खाली खेचते. त्याने ड्रमकिट विकून पैसे भरले. मी ते विकत घेणाऱ्याकडे गेलो होतो, स्नेअर ड्रमच्या कातड्यावर त्याच्या डाव्या काठीचा घासलेला डाग तसाच होता. त्याच्या घरच्यांनी इतकी वर्षं आमच्या पोस्टरांना नावं ठेवली, आणि या शिबिराला तेच आनंदाने सोडायला गेले होते कारण तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत होते.

तर मला एवढं कर. त्या फॉर्मचा फोटो काढून पाठव, मागच्या पानासकट, पैसे परत मिळण्याबद्दल काही लिहिलंय का ते बघायचंय. तिथे जाऊन सांग की आईला विचारून सांगतो, आणि त्या मुलीचा चेहरा नीट बघ, ती काय म्हणते ते शब्दन् शब्द मला कळव. पैसे भरून झाले असतील तर तेही सांग, ओरडणार नाही. आणि रविवारी येताना गिटार घेऊन ये, तू पाठवलेल्या क्लिपमध्ये जाड तारेचा तिसरा फ्रेट बझ करतोय, मान थोडी वाकलीये बहुतेक, दहा मिनिटांचं काम आहे.

तुझा,
काका