किल्ला पाहायला निघालास तर आधी वाट कुठून ते पाह्य

भाऊ, वेढ्याचा अभ्यास करायचा म्हणतोस तर तोफेपाशी फोटो काढून परत नको येऊ, नवीन पोरं हमखास तेच करतात. आपला अमरावती जिल्ह्यातला गाविलगड किल्लाच घे. दक्षिणेकडून उभा कडा, पण उत्तरेकडून पठार किल्ल्याला येऊन भिडते, अन् डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी जड तोफा डोंगरातून ओढत त्याच बाजूनं आणल्या, बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं, आतला तट शाबूत होता तर शिड्या लावून चढले नं आतून दार उघडलं. म्हणून तट किती उंच हे नंतर पाह्य, आधी शत्रू येईल कुठून ते शोध.

मग दोनच गोष्टी:
- पाणी. तलाव, टाकी कुठं आहेत, उन्हाळ्यात किती उरते. तटापेक्षा हेच महत्त्वाचं.
- दरवाजा. अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा, १४८७ चा, नक्षी सुंदरच आहे, पण तिथं उभं राहून वरून मारा कुठं पडेल तेही पाह्य.

सुरुंग, तोफांचे प्रकार सध्या राहू दे. अन् दोन्ही किल्ल्यांकडं मेळघाटचं जंगल आहे, सकाळीच निघ, एकटा जाऊ नको.